सातव्या पानावरची सुरई

एका चिनी सुरईचं पोट मी वजनाखाली दाबून सपाट केलं. चार दिवस लागले. काम मन लावून केलं, आणि झाल्यावर स्वतःची पाठही थोपटून घेतली.

सुरई कागदावरची होती, हे लगेच सांगून टाकतो, नाहीतर माझ्या ताकदीबद्दल गैरसमज व्हायचा. माझा धंदा जुने कागद बरे करण्याचा. याला कागद-संवर्धक असा भारदस्त शब्द आहे, पण त्याचा उपयोग शून्य. माझ्या लग्नाचं चाललं होतं तेव्हा वडील मुलीकडच्यांना तो शब्द ऐकवायचे. एका गृहस्थांनी बराच वेळ विचार करून विचारलं होतं, "म्हणजे रद्दीचं दुकान का?" मीनाच्या वडिलांनी काहीच विचारलं नाही, म्हणून लग्न झालं.

मी शिकलो पुण्यात. पोथ्या, सनदा, जमिनींचे नकाशे. तिथे आमच्या गुरुजींनी एक सूत्र डोक्यात पक्कं बसवलं होतं: कागद फुगला की पाणी लागलं समजायचं, आणि पाणी लागलं की किंचित ओलावून, टीपकागदात घालून, वजनाखाली दाबायचा. फुगलेला कागद म्हणजे आजारी कागद. या एका सूत्रावर मी वीस वर्षं इमानेइतबारे जगलो. त्यातली आठ वर्षं पुण्यात गेली, मग सिंगापुरात तोआ पायोहच्या एका जुन्या ब्लॉकमध्ये, चौथ्या मजल्यावर, मिस्टर आंग यांच्या कार्यशाळेत लागलो, तेव्हा सामानात दोनच मौल्यवान गोष्टी होत्या. एक ते सूत्र, आणि दुसरा कागद घोटण्याचा अकीक दगड. दगड अजून आहे.

मिस्टर आंग सत्तरीचे, बारीक, कमी बोलणारे. त्यांच्या हाताला कंप सुटला होता म्हणून त्यांनी मला ठेवलं. ते बघायचे, मी करायचो. आम्ही तिघं-चौघं त्यांना नुसतं 'बॉस' म्हणायचो. कार्यशाळेतली सगळी बोलणी इंग्रजीत झाली, मी ती मराठीत देतोय. 'लाह' मात्र ठेवलाय, कारण त्याला मराठी नाही. 'की नाही', 'हो ना', 'जाऊ दे रे' हे सगळं त्या एका लाहमध्ये बसतं.

दोन हजार चौदाच्या सुमाराची गोष्ट. आम्ही राहायचो त्या चोआ चू कांगच्या ब्लॉकमध्ये बँकेत हिशेब बघणारे गोडबोले राहायचे. ते क्योतोला फिरायला गेले आणि जुन्या बाजारातून एक आल्बम घेऊन आले. चिनी मातीच्या निळ्या-पांढऱ्या भांड्यांची चित्रं, लाकडी ठशांनी जपानात छापलेली. रविवारी सकाळी तो काखोटीला मारून माझ्याकडे आले.

"पानं पिवळी पडतायत हो," गोडबोले म्हणाले. "लॅमिनेट करून द्याल का? ए-फोरमध्ये बसतील असं वाटतं."

मी इतका हसलो की मीना पोळ्या टाकून बाहेर आली. मंडळाच्या गणपतीत प्रसादाच्या रांगेत मी तो किस्सा निदान वीस जणांना सांगितला, गोडबोल्यांच्या देखत. ते बिचारे हसत राहिले. आणि बरोबर पुढच्याच आठवड्यात तसलाच एक आल्बम आमच्या टेबलावर आला.

हे आल्बम म्हणजे काय, ते थोडक्यात सांगतो. आपल्याला चिनी माती म्हटलं की लोणच्याची बरणी आठवते. जपानी माणसाला पांढऱ्यावर निळी नक्षी असलेली चिनी भांडी फार प्रिय. चीनमधून आलेली ती भांडी तिथले शौकीन जीवापाड जपायचे. रंगीत फोटो धड निघत नव्हते त्या काळात एखादा शौकीन आपला संग्रह ठशांनी छापून घ्यायचा. एका पानावर एक भांडं. पानं एकाला एक जोडून, पेटीच्या भात्यासारखी घडी घातलेली, वर-खाली रेशमी कापडाचे पुठ्ठे. उघडायचं आपल्या उलट, उजवीकडून.

छपाई अशी: चेरीच्या लाकडावर कोरायचं, रंगाच्या प्रत्येक छटेला वेगळा ठसा. निळा एकच दिसतो, पण त्यात पाच-सहा ठसे असतात. फिका, गडद, आणि भट्टीत जिथे रंग साचून काळपट झाला त्याचा ठिपकासुद्धा वेगळा. ठशावर दमट कागद ठेवून पाठीमागून गोल चकतीने घासायचं. हे मला माहीत होतं. पांढऱ्याचं काय करतात, ते माहीत नव्हतं. मला वाटायचं, पांढरं म्हणजे जिथे काही केलेलं नाही ते.

आल्बम होता मॅडम लिम यांचा. वय चौऱ्याऐंशी, बुकित तिमाहचं जुनं घर सोडून आमच्याच तोआ पायोहमध्ये दोन खोल्यांत राहायला येत होत्या. बरोबर न्यायच्या मोजक्या वस्तूंत हा आल्बम. डोळ्यांच्या मधोमध धुकं बसलं होतं, कडेकडेनं थोडं दिसायचं. पांढरी काठी घेऊन एकट्याच टॅक्सीने आल्या. दमट हवेने काही घड्यांची जोडणी सुटली होती.

"घड्या जोडा," त्या म्हणाल्या. "बाकी कशाला हात नको."

बॉसनी तसं कागदावर लिहून माझ्यासमोर ठेवलं आणि कागद निवडायला ओसाकाला गेले.

घड्या मी जोडल्या. छान जोडल्या. मग आल्बम चाळताना लक्षात आलं की सातव्या पानावरच्या सुरईपाशी कागद फुगलाय. सुरेख सुरई होती, लांब मानेची, अंगावर कमळं आणि दोन बगळे. पण पोटापाशी कागद चांगलाच वर आलेला. इतर पानंही जरा जरा फुगलेली, पण हे पान सगळ्यांत आजारी. आता, सांगितलं तेवढंच करून थांबेल तो मराठी कारागीर कसला? चित्राचं पान खालच्या जाड घडीवर चारी कडांना चिकटवलेलं होतं, ते हलकेच सोडवलं, ओलावलं, टीपकागदात घातलं आणि वर वजन ठेवलं. चार दिवसांनी काढलं तर कागद कसा कडक इस्त्रीच्या सदऱ्यासारखा. उरलेली तेवीस पानं पुढच्या आठवड्यात घेऊ, असं ठरवलं.

पाचव्या दिवशी दुपारी मॅडम लिम आल्या. काम किती झालं ते बघायला, म्हणजे त्यांच्या परीने बघायला.

"सात नंबर," खुर्चीत बसत त्या म्हणाल्या.

मी दिमाखात पान त्यांच्यासमोर ठेवलं. त्यांनी ते डोळ्यांजवळ नेलंच नाही. उजव्या हाताची तीन बोटं कागदावर टेकवली आणि सावकाश फिरवली. मग थांबल्या. परत वरून सुरुवात केली.

"हे कुठलं पान?"

"सातवं, मॅडम."

"नाही." बोटं तशीच कागदावर. "माझी सुरई कुठे गेली?"

काय झालंय ते कळलं नव्हतं, पण काहीतरी झालंय आणि ते मी केलंय, एवढं कळलं. अशा वेळी सिंगापुरात प्रत्येक माणूस जे म्हणतो तेच मी म्हणालो.

"ह्युमिडिटी, मॅडम. दमट हवेने कधीकधी..."

"ह्युमिडिटीने वस्तू फुगतात लाह. बसत नाहीत."

त्यांनी आठव्या पानाकडे हात नेला, माझा हात धरला आणि माझी बोटं तिथल्या वाडग्यावरून फिरवली. आणि तेव्हा, वीस वर्षं कागदात घालवल्यावर, मला कळलं. वाडग्याला पोट होतं. कडेला चढ, मधे गोलाई, तळाशी उतार. रंग न लावलेला एक कोरीव ठसा खाली ठेवून, पाठीमागून दाबून, कागदच वर उचललेला होता. मोदकाच्या साच्यात उकड दाबतो ना, तसा. पांढऱ्याचं तेच करतात. ठसे कोरणाऱ्या कुणा कारागिराने जीव ओतून कागदात उठवलेलं पोट मी आजार समजून बसवलं होतं. वरून सरळ पडणाऱ्या दिव्यात ते दिसत नाही. बोटांना दिसतं.

मी सगळं कबूल केलं. त्या ओरडल्या नाहीत, ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. काठी मांडीवर आडवी ठेवून त्यांनी सांगायला सुरुवात केली.

त्यांच्या वडिलांचं भांड्यांचं दुकान होतं. पानावरची खरी सुरई त्याच दुकानात होती आणि तिच्याशी ही सहा वर्षांची मुलगी रोज खेळायची, वडील म्हणायचे ही फोडेल, पण फोडली नाही. मग युद्धाच्या आधी एका जपानी शौकिनाने ती विकत घेतली. मुलगी दोन दिवस जेवली नाही. गिऱ्हाइकाला हे कळलं असावं, कारण पुढे त्याने आपल्या संग्रहाचा आल्बम छापला तेव्हा एक प्रत बोटीने वडिलांकडे पाठवली. वडिलांनी सातवं पान उघडून तिचा हात त्यावर ठेवला आणि म्हणाले, बघ, परत आली. युद्ध संपल्यावर शेजारी म्हणाले, जपानी वस्तू आहे, जाळून टाका. वडिलांनी उत्तर दिलं, "घडवली चिन्यांनी, छापली जपान्यांनी, रडली माझी मुलगी. जाळायची ती कुणाची?"

"खरी सुरई कुठे आहे, कुणाला माहीत नाही," मॅडम लिम म्हणाल्या. "डोळे गेल्यापासून रोज दुपारी मी हिला हात लावते. आता उठवा तिला."

"जमेल की नाही सांगता येत नाही, मॅडम."

"मलाही नाही सांगता येत. तुम्हीच बसवलीत ना?" त्या उठल्या. दारापाशी थांबून म्हणाल्या, "तुमच्या बॉसला मी सांगणार नाही. तुम्ही सांगा."

घरी मीनाला सांगितलं. ती शांतपणे म्हणाली, "अहो, म्हणजे तुम्ही करंजीचा पापड केलात." लेकीने, सईने, फोनवरून नजर न उचलता विचारलं, "यू प्रेस्ड इट फ्लॅट? बाबा, व्हाय लाह?" नोकरी गेली तर कामाचा पास, म्हणजे इथे राहायची परवानगी जाणार, पास गेला तर सईची शाळा, हे आम्हा दोघांनाही माहीत होतं. पण खरं सांगतो, त्या आठवड्यात मला पासाची स्वप्नं पडली नाहीत. स्वप्नात ती तीन बोटं यायची, कोऱ्या कागदावर काहीतरी शोधत फिरणारी.

बॉस परतले. मी उभ्या उभ्या सांगून टाकलं. त्यांनी चहा केला, दोन कप भरले, एक माझ्याकडे सरकवला आणि विचारलं, "विजय, पुण्यात तू नक्की काय शिकलास?"

"दाबायला, बॉस."

"मग आता उचलायला शीक."

त्यांनी पान उलटं करून दिवा टेबलाच्या पातळीला, अगदी आडवा धरला. आडव्या उजेडात पाठीमागे बारीक रेषा दिसू लागल्या, ठशाच्या कडांच्या. पोट बसलं होतं, पण कडा पूर्ण मेल्या नव्हत्या. "लांब धाग्याचा कागद आहे," बॉस म्हणाले. "त्याला जुनी घडण आठवते. पण जागं करायला ओल लागेल, आणि ओल जास्त झाली तर निळा पळेल."

म्हणजे एकीकडे आड, दुसरीकडे विहीर. कोरडी ठेवली तर सुरई उठत नाही, भिजवली तर बगळे कमळात विरघळतात. तळाच्या रेषेवर सुईच्या टोकाएवढी ओल देऊन बघितली, वर टीपकागद ठेवला. टीपकागद पांढराच राहिला. निळा पक्का होता. मला त्या न पाहिलेल्या रंगाऱ्याला साष्टांग नमस्कार घालावासा वाटला.

बंद पेटीत खाली ओलसर फेल्ट, मधे वाफ जाऊ देणारं पण पाणी अडवणारं कापड, वर पान. पाणी लागू द्यायचं नाही, नुसता दमट श्वास द्यायचा. दोन तासांनी पेटी उघडली तर पोट केसभर वर आलं होतं. मी बॉसना मिठी मारली. त्यांना ते आवडलं नाही.

पुढचं काम पाठीमागून. पान मऊ लोकरीवर उलटं ठेवून, पुण्याहून आणलेल्या अकीकाने अगदी हलक्या हाताने दाबत जायचं. वीस वर्षं ज्या दगडाने मी कागद गुळगुळीत सपाट केले, तोच आता फुगवटा आणायला. पण इथे घोडं अडलं. कडांच्या रेषा मिळत होत्या, मधली गोलाई नाही. खांदा कुठे वळतो? पोट सगळ्यांत मोठं कुठे? मी दोन वेळा केलं, दोन्ही वेळा बॉसनी बघून मान हलवली. दुसऱ्यांदा म्हणाले, "ही सुरई नाही. हा भोपळा."

जगात ती खरी सुरई हातात धरलेलं एकच माणूस उरलं होतं.

आमच्या धंद्यात गिऱ्हाइकाला कामाच्या टेबलापाशी येऊ देत नाहीत. कुणी शिंकतं, कुणी बोट लावतं, कुणी सल्ले देतं. मॅडम लिम येऊन तिन्ही करणार, हे मला दिसत होतं. तरी मी बॉसना म्हटलं, "त्यांना बोलवू या." बॉस म्हणाले, "हात धुवायला सांग."

चार दुपारी त्या आल्या. हात धुऊन, कोरडे करून बसायच्या. मी मागून थोडं उठवायचो, पान सुलटं करायचो, त्या बोटं फिरवायच्या.

"खांदा फार उंच. ही बाई आहे लाह, सैनिक नाही."

"असं?"

"अजून खाली. हां. आता पोट. अजून. तुम्ही स्वतः एवढे जाड आणि तिला एवढीशी देताय?"

बॉस कोपऱ्यात हसल्याचा आवाज आला. बारा वर्षांत पहिल्यांदा.

तिसऱ्या दुपारी खांदा जमला. त्यांनी मानेपासून पोटापर्यंत एका दमात बोटं नेली आणि कुठेही अडल्या नाहीत. त्यांच्या न अडण्याने मला इतका आनंद झाला की त्या दिवशी मी खालच्या हॉकर सेंटरमधून, म्हणजे खाण्याच्या टपऱ्यांच्या बाजारातून, सगळ्यांसाठी कॉफी आणली आणि स्वतःची टेबलापासून दहा पावलं लांब उभं राहून प्यायलो. थोडी अक्कल आली होती.

चौथ्या दुपारी पोट जवळजवळ झालं. डावीकडे, तळाच्या जरा वर, एक खळगा तेवढा राहिला होता. बाकी सगळा कागद छान उठलेला आणि तिथे अंगठ्याएवढी जागा बसकी. माझ्याच वजनाचा पराक्रम, दुसरं काय. एवढा भरून काढला की संपलं. मी पान उलटं केलं, अकीक टेकवला, आणि दाब देणार तोच मॅडम लिमनी टेबलावर हात सरपटत आणून माझं मनगट पकडलं. चौऱ्याऐंशी वर्षांच्या हातात ती पकड कुठून आली, देव जाणे.

"काय करताय?"

"एक खळगा राहिलाय, मॅडम. डावीकडे खाली. भरतो."

"पान सुलटं करा."

केलं. त्यांनी बोटं सरळ खाली नेली, चाचपडल्या नाहीत. अंगठा त्या खळग्यात ठेवला. तो तिथे बसला, मापाचा असावा तसा. बाकीची चार बोटं आपोआप पोटावर पसरली. मुलं भांडं उचलताना धरतात तसा हात झाला.

"भट्टीतच दबली होती," त्या म्हणाल्या. "वडील म्हणायचे, खोट आहे, भाव कमी येणार. मी इथेच अंगठा ठेवून उचलायची."

बॉस दिवा घेऊन आले. मी पान पुन्हा उलटं केलं, त्यांनी आडवा उजेड धरला. खळग्याभोवती बारीक, स्वच्छ, कोरीव कड होती. ती वजनाने येत नाही. ती हत्याराने येते. तिकडे जपानात कुणा कोरणाऱ्याने सुरई हातात घेऊन बघितली होती, डोळ्यांना न दिसणारी खोट त्याच्या अंगठ्याला लागली होती, आणि छापल्यावर ती दिसणार नाही हे माहीत असूनही त्याने ती लाकडात कोरली होती. आणि मी एका दगडाच्या अंतरावर होतो, ती कायमची बुजवायच्या.

"ओरिजिनल," बॉस म्हणाले. मग, त्यांना न शोभेल अशा मोठ्या आवाजात, परत म्हणाले, "ओरिजिनल लाह!"

मॅडम लिम रडत होत्या आणि हसत होत्या. मीही त्यातलं एक करत होतो, कुठलं ते सांगत नाही. आमचे दोघे सहकारी काम सोडून येऊन उभे राहिले. एकाने टाळ्या वाजवल्या, मग दुसऱ्याने, आणि चौथ्या मजल्यावरच्या त्या कुबट खोलीत, गोंदाच्या भांड्यांमधे, एका कागदी सुरईसाठी टाळ्यांचा कडकडाट झाला. मी आयुष्यात पुष्कळ कागद वाचवले, त्यांत राजेरजवाड्यांच्या सनदा होत्या. टाळ्या फक्त या एकाला मिळाल्या.

उजवीकडची तळाची कड मात्र पूर्ण उठली नाही, हे लिहायला हवं. मी आणखी दोन दिवस मागितले. मॅडम लिमनी तिथे बोट टेकवून म्हटलं, "इथे थोडी झोपलेली आहे. राहू दे." त्या एका बोटभर जागेची रुखरुख मला अजून आहे. गोडबोल्यांकडे जाऊन मी सगळी हकीकत सांगितली आणि त्यांच्या आल्बमसाठी चांगली पेटी करून दिली. ते सज्जन माणूस, फक्त म्हणाले, "म्हणजे लॅमिनेशन परवडलं असतं."

आल्बम न्यायला मॅडम लिम आल्या त्या दिवशी बॉसनी आल्बममधलं सातवं आणि आठवं पान त्यांच्यासमोर उघडून ठेवलं, नंबर न सांगता, आणि विचारलं, यातलं दुरुस्त केलेलं कुठलं? त्यांनी दोन्हींवरून बोटं फिरवली. सुरईवर आल्या तसा अंगठा आपल्या जागी गेला आणि तिथेच राहिला. "दुरुस्त?" त्या म्हणाल्या. "हिला काय झालं होतं?"

बॉस फुलून गेले. वर्षाचं बोलणं त्यांनी एकदम वापरलं. "मॅडम, या कामाला आज सिंगापुरात विजयसारखा हात नाही. उरलेली तेवीस पानं ठेवून जा. विजय एकेक स्वतः तपासून देईल."

मी विनयाने मान खाली घातली, जशी अशा वेळी घालायची असते.

मॅडम लिमनी आल्बम मिटला, छातीशी धरला, काठी उचलली आणि म्हणाल्या, "नको लाह. ती चांगली आहेत. याला फक्त स्वतः बिघडवलेलंच दुरुस्त करता येतं."